वन्संचं लायसन्स

आमच्या वन्संपासून आजवर कुणालाही काही लपवता आलेलं नाही, आणि वन्संना जे कळलं ते आजवर दुसऱ्या कुणाला कळलेलं नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सनीव्हेलला आमच्यापासून दोन सिग्नल पलीकडे राहतात. कुणाकडे सत्यनारायण असला की बाकीचे लोक चपला काढून आत जातात. वन्सं मात्र दाराबाहेरच्या चपलांपुढे, गाभाऱ्यापुढे उभं राहावं तशा, क्षणभर उभ्या राहतात. त्या ढिगावरून कोण कुणाच्या आधी आलंय, कुठल्या जोडप्याचा सध्या अबोला आहे आणि कुणाचा गुडघा पुन्हा त्रास देतोय, हे सगळं त्यांना समजतं. मग त्या आत येतात आणि गुडघेवाल्याकडे मुकाट्याने खुर्ची सरकवतात.

लग्न होऊन मी अमेरिकेत आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या काळी मी फार हुशार होते, निदान तसं समजणारी मी एक होते. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पहिल्याच चौकात नापास झाले. चारही रस्त्यांना थांबायच्या पाट्या होत्या. माझी पाळी आली तरी मी समोरच्या गाडीला हाताने "आधी तुम्ही" म्हणत राहिले, आणि तेवढ्यावर भागू नये म्हणून डावीकडच्यांनाही म्हटलं. परीक्षकाने शेवटी डोळे मिटून घेतले. घरी येऊन मी सांगितलं, आज ऑफिसच बंद होतं. वन्सं तिथे मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बरं. उद्यापासून माझी गाडी घे, मी शेजारी बसते." मी पास होईपर्यंत बसल्या. त्या दिवशी माझ्या अंगठ्याला ऑफिसातल्या ठशाची शाई होती, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा माझा मुलगा गाडी शिकत होता.

अशा बाईने हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाल्यावर प्रायव्हेट डिटेक्टिव्हचं लायसन्स काढायचं ठरवलं, यात खरं तर नवल नव्हतं. तरी मी हसले. आमचे हे हसले नाहीत. म्हणाले, "ताईला तिचा मुलगा शोधायचाय." वन्संचा एकुलता एक मुलगा वडिलांशी भांडून घराबाहेर पडला होता. पुढे वडील गेले, भांडायला कुणी उरलं नाही, तरी तो आला नाही. त्याचा फोन नंबरही बदलला. ते मोठं घर एकटीला झेपेना, म्हणून वन्संनी ते विकलं आणि त्या अपार्टमेंटमध्ये आल्या. निघताना नव्या मालकांना त्यांनी आपला पत्ता स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून दिला होता. वर्षभरात तेही घर विकून गेले, आणि पुढच्यांनी स्वयंपाकघरच नवीन केलं.

लायसन्सवाल्या डिटेक्टिव्हना एक डेटाबेस वापरायला मिळतो म्हणे. नाव टाकलं की माणूस कुठे राहतो ते दिसतं. पण लायसन्स काही मागितलं आणि मिळालं असं नसतं. आधी कुणाच्या तरी हाताखाली तीन वर्षं उमेदवारी, मग परीक्षा. वन्संना भेटलेला साहेब म्हणजे पोलिसातून निवृत्त झालेला एक अवाढव्य अमेरिकन. त्याने त्यांना पहिल्याच कामाला एका माणसाच्या घरासमोर गाडीत बसवलं. कामावर पाठ दुखावली म्हणून तो भरपाई मागत होता, आणि ती खरंच दुखतेय का, हे लांबून बघायचं होतं. वन्सं दहीभाताचा डबा आणि विणकाम घेऊन बसल्या. तासाभरात महाराष्ट्र मंडळातली एक मुलगी खिडकीशी हजर. "मावशी, इथे काय करताय? तुम्हाला कुणी पिकअप करायला विसरलं का?" तिला कशीबशी वाटेला लावली, तोवर तो माणूसच पाण्याची बाटली घेऊन आला. उन्हात म्हातारी बसलीय, ते त्याला बघवेना. वन्संनी रिपोर्ट लिहिला: माणूस सज्जन आहे. पाठ खरोखर दुखते. बाटली देताना वाकायच्या आधी त्याने गाडीच्या टपावर हात टेकला.

साहेब म्हणाला, "त्याला तुम्ही दिसायलाच नको होतात."

"त्याला दिसले म्हणून तर मला कळलं," वन्सं म्हणाल्या.

लायसन्स आलं त्या संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्याकडे जमलो. साहेबही आला होता. माझ्या नातीने विचारलं, "आत्याआजी, कॅन यू अरेस्ट पीपल नाऊ?"

"नाही गं. आम्हाला नुसतं बसून वाट बघता येते."

स्वयंपाकघरात मी त्यांना गाठलं. "वन्सं, मग आता बघायचा ना पत्ता?"

"कुणाचा?"

"असं काय करता?"

त्यांनी पेढे ताटलीत मांडले. मग म्हणाल्या, "त्याने दिलेला नाही. मी कसा घेऊ?"

मला राग आला. "मग तीन वर्षं उन्हात गाडीत बसलात कशाला?"

त्यांनी ताटली उचलली. बाहेर साहेब आमच्या ह्यांच्याकडे तक्रार करत होता. "तुमच्या बहिणीला जरा समजवा. लायसन्सवरचा पत्ता सरकारी वेबसाइटवर जातो. कुणीही नाव टाकावं आणि बघावा. आम्ही सगळे पोस्टातल्या बॉक्सचा देतो, यांनी राहत्या घराचा दिलाय. उद्या कोणीही दाराशी येऊन उभं राहील."

"राहू दे की," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्यापुढे पेढे धरले.

आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

तेव्हापासून वन्संनी ते लायसन्स एकदाही लॅप्स होऊ दिलेलं नाही. कामं फारशी घेत नाहीत आता. अपार्टमेंट लहान पडतं, जिने आहेत, पण बदलायचं नाव काढत नाहीत. भाजी घेऊन आम्ही दोघी परततो तेव्हा वळणावर आल्या की त्यांची चाल जरा मंद होते, आणि कुलपाकडे बघायच्या आधी त्या दाराबाहेर, चपला काढायच्या जागेकडे बघतात. त्यांच्या घराची किल्ली माझ्या पर्समध्ये असते, वरच्याच कप्प्यात. तरी त्यांचं तिथे बघून होईपर्यंत ती मला हल्ली सापडत नाही. हेही त्यांना कळलेलं असणारच.