शेजारच्या साइटचा नॉइज

करी रोडला आमच्या लॅबशेजारी टॉवर उठत होता, आणि आमच्याकडे काहीही बिघडलं की खापर त्याच्यावर फुटायचं. नेट गेलं, साइट. कपाला तडा गेला, साइट. सरांचं डोकं दुखलं, तरी साइट. मी मनातल्या मनात हसायचे, पण वेळ आली की मीही तेच म्हणायचे. शेजारी आयता मिळाल्यावर स्वतःच्या घरात कोण डोकावतं?

आम्ही उपग्रहाला ढकलणारं विजेवरचं छोटं इंजिन बनवत होतो. हवा काढून घेतलेल्या टाकीत ते चालवायचं आणि काचेतून बघायचं. आत झेनॉन वायू सोडून वीज दिली की त्याचा प्लाझ्मा होतो आणि निळा झोत बाहेर पडतो. अशी जुळी इंजिनं केली होती. पहिलं टेस्ट होऊन उपग्रहाबरोबर वर गेलं होतं आणि पुढच्याच आठवड्यात तिथे पहिल्यांदा चालू होणार होतं. दुसरं आमच्या टाकीत होतं.

या इंजिनाला श्वास असतो. चाळीच्या नळासारखं आहे ते. पाणी आलं की सगळे एकदम भरायला घेतात, धार बारीक होते, सगळे थांबतात, की पुन्हा जोर येतो. आतला वायूही तसाच एकदम प्लाझ्मा होऊन संपतो, मागून नवा भरतो आणि पुन्हा तेच, सेकंदाला हजारो वेळा. थोडा श्वास चालतो. धाप लागली तर इंजिन विझतं.

विजेचा चढउतार दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर इंजिनाच्या प्रवाहाची रेषा जाड, दातेरी यायची. सर म्हणायचे, "वेल्डिंग चाललंय गं शेजारी. विजेची लाइन एकच आहे आपली. त्यांचा नॉइज आहे तो, इंजिनाचा श्वास नव्हे." पटायचं. पहिल्या इंजिनाच्या वेळीही पटलं होतं.

अनंत चतुर्दशीला साइट बंद, म्हणून सरांनी मुद्दाम त्याच दिवशी टेस्ट ठेवली. रिपोर्टसाठी स्वच्छ रेषा हवी होती. रस्ते बंद व्हायच्या आत ते दादरहून आले. मी लालबागहून गल्लीबोळांतून चालत पोचले. सरांनी खिडकीतून पाहून घेतलं. क्रेन थांबलेली, साइटवर चिटपाखरू नव्हतं.

इंजिन लागलं. रेषा तशीच जाड आली.

सरांनी लॅबचे दिवे घालवले, पंखे बंद केले, फ्रिजची पिनसुद्धा काढली. रेषा हलली नाही. मग तिचे दाते हळूहळू वाढायला लागले. "सर, बंद करूया का?" मी विचारलं. बाहेर ढोल-ताशे टिपेला पोचले होते, आणि आत निळा झोत एकदम गेला.

पुन्हा लावून बघ, असं सर म्हणाले नाहीत. खुर्ची ओढून बसले.

"पहिल्याची रेषा अशीच होती ना?"

"हो सर."

"इतकीच जाड?"

"इतकीच."

मला खूप भीती वाटली. वरचं इंजिन आता कुणाच्याही हाताला लागणार नव्हतं. सरांनी खिडकीतून त्या थांबलेल्या क्रेनकडे पाहिलं.

"वर शेजारी कुठली साइट असणार आहे?" ते म्हणाले.