पुलाच्या मधोमध बसलेली बहीण

झरीकडच्या जंगलात नदीवर इंग्रजांच्या वेळचा एक झुलता पूल होता. माझी थोरली बहीण नदीपलीकडच्या खेड्यात दिलेली. तिच्या लग्नापासून तो पूल पाहायची मला हौस होती. पाहिला तो मात्र महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, बाबांबरोबर तिला माहेरी आणायला गेलो तेव्हा.

त्या पावसाळ्यात तिचा एकुलता एक मुलगा तापानं गेला होता. दवाखाना नदीच्या अलीकडे. नदीला पूर. पुलाच्या फळ्या कुजल्या म्हणून दोन्ही तोंडांना बाभळीच्या काट्या लावून तो बंद केलेला. भाऊजी म्हणत होते, सकाळपर्यंत थांबू. तिनं ऐकलं नाही. काट्या बाजूला सारल्या, पोराला पाठीशी बांधलं आणि एकटीच निघाली. अलीकडे येऊन लुगड्याची गाठ सोडली, तोवर पोर थंड पडलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा पुलाला नव्या फळ्या बसल्या होत्या आणि यवतमाळची कॉलेजची पोरं सहलीला आली होती. मुद्दाम पाय आपटून पूल हलवत होती, हसत होती. मधोमध तार धरून एक बाई बसली होती. बाबांनी तिला ओळखलं नाही. मी ओळखलं.

भाऊजी अलीकडे येऊन आमची वाट पाहत उभे होते. म्हणाले, "रोज येते. सैपाक झाला का येऊन बसते. मी आता काही म्हणत नाई."

बाबा तारेला धरत धरत तिच्यापाशी गेले. मी मागे.

"घरी चाल, माय. तुही आई वाट पाहून राह्यली."

तिनं शेजारच्या फळीवर हात ठेवला. "बाबा, तो इथंच बोलला. म्हणे, आई, पूल हालते. मी म्हणलं, उगा राय, बोलू नको. मंग तो उगाच राह्यला."

बाबा तिच्याशेजारी खालीच बसले. तेवढ्यात सहलीतला एक जण अदबीनं म्हणाला, "काका, फोटो काढायचा होता. जरा बाजूला होता का?" ती मुकाट उठली, कडेला सरकली. फोटो झाल्यावर पुन्हा त्याच जागी बसली.

उन्हं कलली. शेवटी बाबांनी तिच्या दंडाला धरून ओढलं. तिनं तार सोडली नाही. तळहातातून रक्त आलं तेव्हा बाबांनीच हात काढून घेतला.

आम्ही दोघेच परतलो. आईनं दारातच विचारलं, "कुठी हाये ते?" बाबांनी मान हलवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

दोन वर्षांच्या आत बहीण झुरून गेली. भाऊजींनी दुसरं लग्न केलं. बाबांनी देवपूजा सोडली होती. आईनं त्यांना कधी त्याबद्दल टोकलं नाही. पुढे तिनंही सोडली.