एकटीची मालकी

ठमीची आई वर्षानुवर्षं राहत्या चाळीच्या जिन्याखाली इस्त्री करत आली होती. जागा एवढीशी, की टेबल मावलं तर माणूस मावेना. वरून कुणी धाडधाड उतरलं की धूळ पडायची आणि ती चुकवायला आई पांढऱ्या शर्टांवर चक्क स्वतःचं अंग टाकायची. त्या इस्त्रीवर ठमी शिकली, एका ऑफिसात चिकटली आणि गळ्यात ओळखपत्राची पट्टी घालून त्याच जिन्यावरून चढू-उतरू लागली. ऑफिसात कुणी विचारलं, आई काय करते, तर म्हणायची, "घरीच असते." जिन्याखाली म्हणजे घरीच की! खोटं बोलतानाही हिशेबी होती पोरगी.

पुढे त्या कंपनीने गाशा गुंडाळला. ठमीने नोकरीसाठी चपला झिजवल्या, कुठे डाळ शिजेना, तेव्हा स्वतःचा धंदा काढायचं ठरवलं. धंदा कोणता? तर इस्त्रीचाच. घरात दुसरं येत होतं काय कुणाला? फक्त त्याला इस्त्री म्हणायला ती तयार नव्हती. कोपऱ्यावरचा गाळा भाड्याने घेऊन तिने पाटी रंगवून घेतली, 'गारमेंट केअर'. आईने ती लांबून पाहिली, जवळून पाहिली आणि म्हणाली, "छान आहे हो. पण आपण इस्त्री करतो, हे लोकांना कळायचं कसं?"

समोरच्या लॉजचा मॅनेजर चादरी आणि अभ्र्यांचं काम द्यायला तयार होता, पण धंद्याची रीतसर नोंदणी असेल तरच. ते काम मिळालं तर गाळ्याचं भाडं सुटणार होतं. नाही तर पुन्हा जिन्याखाली. नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, "भागीदारी, की एकट्याची मालकी?"

"एकटीची," त्यांचं वाक्य संपायच्या आत ठमी म्हणाली.

"एकटीची कशी गं, ठमे?" शेजारच्या खुर्चीवरून आईने हळूच विचारलं. "दोघी आहोत की आपण."

"आई, भागीदारीत कागदपत्रं वाढतात."

"मग राहू दे बाई. तुला कळतं त्यातलं."

कागदपत्रं वाढतात हे खरंच होतं. पण खरं कारण ते नव्हतं, आणि ठमीला ते पक्कं ठाऊक होतं.

गाळा पाहायला तपासनीस यायचे होते त्या दिवशी ठमीने ऑफिसचा जुना शर्ट बाहेर काढला. कडक इस्त्री आईनेच करून दिली. तपासनीस तरुण होते, बूट चकचकीत, आणि वाक्यागणिक 'मॅडम'. किती तरी महिन्यांनी कुणी मॅडम म्हणत होतं. ठमी अंगभर फुलली. त्यांनी भाडेकरार पाहिला, विजेचं बिल पाहिलं, पाटी पाहिली. मग त्यांची नजर मागे गेली. तिथे आई उभी होती: घामाने डबडबलेली, अनवाणी, केस पिना खोचून वर बांधलेले, कोपराशी भाजल्याचा काळा डाग.

"आणि ह्या?"

"कामाला आहेत," ठमी म्हणून गेली.

इस्त्री थांबली. मग पुन्हा चालू लागली.

"हो साहेब," आई म्हणाली. "मॅडमकडे कामाला आहे मी."

"नाव काय तुमचं?"

आईने नाव सांगितलं आणि आडनाव सांगितलं ते माहेरचं. लग्नानंतर कधी उच्चारलं नसेल ते आडनाव तिने त्या क्षणी शोधून काढलं. मायलेकींची आडनावं जुळली असती तर ठमी तोंडघशी पडली असती ना! ठमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पगार वेळेवर मिळतो?"

"न मागता मिळतो, साहेब."

आठवड्यात प्रमाणपत्र मिळेल असं सांगून तपासनीस बाहेर पडले. आईने शर्टाची घडी घातली. चार शब्द सुनावले असते, एखादी ठेवून दिली असती, तर ठमी सुटली असती. आई म्हणाली, "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. दोन घास खाऊन घे, ठमे."

ठमी तशीच बाहेर धावली. तपासनीस मोटरसायकलवर बसले होते.

"साहेब, ती माझी आई आहे."

त्यांनी हेल्मेट काढलं. रागावले नाहीत, पेन उघडलं. "घरचं माणूस कामगारांत धरत नाहीत, मॅडम. मग कामगार शून्य लिहितो."

शून्य! ठमीने त्यांच्या पेनाआड हात घातला. "नको, शून्य नको. मालक म्हणून तिचं नाव लिहा."

"तसं नाही होत. एकट्याच्या मालकीत एकच नाव बसतं. मालक बदलला की अर्ज नव्याने." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आणि मग तुम्ही कोण?"



अर्ज नव्याने झाला, आईच्या नावावर. तेवढ्यात लॉजचं काम दुसऱ्याने पळवलं. आईने त्रागा केला, "तोंडाशी आलेला घास घालवलास. मालकी काय चाटायचीय मला?" पण सही मात्र तिने कागदी पिशवीवर चार वेळा गिरवून पाहिली.

भरलेल्या भाड्याची मुदत संपायच्या आत पुन्हा तेच तपासनीस आले. या वेळी आई खुर्चीत बसली होती, म्हणजे ठमीने बळेच बसवली होती, आणि इस्त्रीपाशी ठमी होती: घामाघूम, केसांत पिना, मनगटावर ताजा चटका. साहेबांना सगळं माहीत होतं, पण रकाना भरायला विचारावं लागतंच.

"आणि ह्या?"

ठमीने मान खाली घातली. 'कामाला आहे' हे ऐकायची तिने तयारी ठेवली होती. तेवढं तरी आपल्या वाट्याला यावं, असंच तिला वाटत होतं.

"ही होय?" आई खुर्चीतून उठली आणि तिने ठमीच्या कपाळावरचा घाम स्वतःच्या बाहीने पुसला. "लेक माझी."

एवढं सोपं होतं ते. ठमीला मान वर करवेना. ती एकाच कॉलरवरून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत राहिली.