दुसरं ताट

निमजेबाई हातात आलेली वस्तू आधी तोलायच्या. चहाबरोबर बिस्कीट आलं की ते तळहातावर घेऊन किंचित वर-खाली करायच्या, "सहा ग्रॅम" म्हणायच्या आणि मग खायच्या. पेरू, पोस्टाचं पाकीट, साबणाची वडी, काहीही. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्या कामाला होत्या. तिथली पोरं मुद्दाम काहीतरी हातात द्यायची आणि नंतर काट्यावर ठेवून बघायची. फरक फार निघायचा नाही. बाई तांडापेठेतल्या कोष्ट्यांच्या घरच्या. लहानपणी सुताच्या लडी हातावर घेऊन वजन सांगायची सवय लागली, ती सुटली नाही.

माझी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं पत्रक तोललं. ते मी त्यांच्या टेबलावर आपटलं होतं. गुलाबी कागद, वर जाड अक्षरात 'माणसाला अर्धपोट, भट्टीला भरलं ताट'. खाली माझं नाव, तेही जाड अक्षरात.

"दोन ग्रॅम," त्या म्हणाल्या. "कागदाची राख कमी राहते, भाऊ. आमच्या मुशीत टाकलं तर बुडाले डागही नाई पडत."

"आम्हाला राख नको. उत्तर पाहिजे."

"आत येऊन पाह्यलं काय तुमी?"

"दिसायचं ते बाहेरून दिसतं."

"बाहेरून धूर दिसते," त्या म्हणाल्या आणि राख करायच्या चिनी मातीच्या मुशी पुसायला लागल्या.

प्रकरण असं होतं. माझी मोठी बहीण शांताताई शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात भरती होती. तिला बुटीबोरीकडच्या खेड्यात दिलं होतं. दोन वर्षं रक्ताचे जुलाब. सासरी त्याला संग्रहणी म्हणायचे, दवाखान्यात मोठ्या आतड्याची सूज आणि व्रण म्हणायचे. सासरच्यांनी दोन वर्षं तिला पांढऱ्याशिवाय काही दिलं नाही. ताकभात, साबुदाण्याची खीर, पुन्हा ताकभात. पालेभाजी बंद, भाकर बंद. हिरवं खाल्लं की आतडं तुटतं, असं तिच्या सासूला कोणीतरी सांगितलं होतं. ताई पांढरी पडली होती. नखंसुद्धा पांढरी.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना शोधायचं होतं की अशा रोग्यांच्या अंगातलं लोह, जस्त, कॅल्शियम कमी का होतं. पोटात जातच नाही? जातं, पण सुजलेलं आतडं ते घेत नाही? की अंगातलं रक्तावाटे वाहून जातं? त्यासाठी ताईच्या नावाने दोन ताटं वाढली जायची. तेवढीच भाकर, तेवढीच मेथी, तेवढंच वरण. एक ताट ताई जेवायची. दुसरं निमजेबाई न्यायच्या, वाटायच्या, सुकवायच्या आणि भट्टीत जाळून त्याची राख करायच्या. त्या राखेत काय किती आहे ते मोजायच्या. ताईचं शौचही डब्यात गोळा व्हायचं आणि त्याचीही राख व्हायची. आत किती गेलं, बाहेर किती आलं.

मला यातलं एवढंच दिसलं की चांगलं अन्न जाळतात. मी एकवीस वर्षांचा होतो. शहराच्या महाल भागात आमच्या संघटनेची एक खोली होती, खाली पायाने चालवायचा छापखाना. अर्ध्या तासात पत्रक लिहायचं हे मी शिकलो होतो. लिहिण्याआधी विचारायचं हे कोणी शिकवलं नव्हतं.

निमजेबाईंचं एक वाक्य सगळ्या वॉर्डाला पाठ होतं. "लिवलं नाई ते झालं नाई." नर्सने एखादा डबा नोंदवायचा सोडला की त्या हेच म्हणायच्या. आवाज चढवायच्या नाहीत. नर्स निमूट पेन काढायची. थट्टाही करायच्या. एका जाड्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाल्या होत्या, "तुमाले मी हातावर नाई तोलत, सर. मनगट जाईन." तो आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. मग रोज डबा खायला त्यांच्याकडेच यायला लागला.

पत्रक निघण्याआधीपासून मी रोज दुपारी ताईकडे जायचो. सकाळपासून सायकलवर फिरलेला असायचो. ताई वरण प्यायची, इकडेतिकडे बघायची आणि ताट माझ्याकडे सरकवायची.

"खा गा."

"आणि तू?"

"मले नाई जात. चार घास खाल्ले की कळ येते."

"मग सिस्टरला सांग."

"सांगतलं तर त्याहिचं मोजमाप बिघडते. एवढं करून राह्यले बिचारे, काहून तरास द्या? ताट रिकामं दिसलं की त्याहिले बरं वाटते. तू खा. सकाळपासून उपाशी हायस ना?"

होतो. खाल्लं. रोज खाल्लं. आणि मेथीचा वास असलेल्या त्याच हातांनी फाटकावर पत्रकं वाटली.

इकडे डॉक्टरांपुढे कोडं पडलं. कागदावर ताई सगळं खात होती. ते शौचात येत नव्हतं आणि रक्तही वाढत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आतून फार मोठा रक्तस्राव चालू असणार, सगळं रक्त डब्यात येत नसणार, आतडंच काढून टाकू. तेव्हाची ती ऑपरेशनं आणि ताईची ती अवस्था. ती टेबलावरून उठली असती असं मला वाटत नाही. निमजेबाईंनाही वाटत नव्हतं. त्या डॉक्टरांकडे गेल्या. त्या काय म्हणाल्या ते मला त्या जाड्या डॉक्टरने नंतर सांगितलं.

"सर, लोह रक्तासंगं गेलं म्हना. मंग कॅल्शियम कुठी गेलं? जस्त कुठी गेलं? तीन्ही गायब हाय. आत नाई, बाहेर नाई. तिसरी जागा कोनती?"

तिसरी जागा मी होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी त्या वॉर्डाच्या दारात उभ्या होत्या. मला दिसल्या नाहीत. माझा शेवटचा घास होईपर्यंत त्या थांबल्या. मग मला व्हरांड्यात बोलावलं.

"भाऊ, तुमच्या हाती होती ते अर्धी भाकर. पंचेचाळीस ग्रॅम. किती दिसापासून?"

"अकरा."

"मेथी?"

"जवळजवळ सगळी."

"वरण?"

"ते ती पिते."

त्या उभ्या-उभ्या लिहीत होत्या. मी शिव्यांची वाट बघत होतो. माझ्याकडे उत्तरं तयार होती. गरिबी, व्यवस्था, सगळं. त्यांनी वही मिटली.

"भूक लागत असन तुमाले. उद्यापासून माह्या डब्यातलं खा."

डॉक्टरांनी ऑपरेशन आठ दिवस पुढे ढकललं. निमजेबाईंनी ताईचं जेवण सहा वेळांत वाटून घेतलं, मेथी मऊ शिजवून घेतली आणि प्रत्येक वेळी स्वतः स्टूल घेऊन बसल्या. "कळ आली तर थांब वं. मी मोजाले नाई बसली, तुले जेवाले लावाले बसली." ताई हळूहळू जेवायची. मी प्रयोगशाळेत भट्टीशेजारी बसून बाईंची भाकर आणि जवसाची चटणी खायचो. तिसऱ्या दिवशी ताईने स्वतःहून वरण मागितलं. बाईंनी ते वाढायच्या आधी तोललं आणि तेवढंच दुसऱ्या ताटात टाकलं.

चौथ्या दिवशी ऑफिसचा हुकूम आला. अन्न जाळण्याचं काम बंद, त्या कामासाठी ठेवलेल्या रोग्यांना घरी पाठवावं. हुकमाला माझं गुलाबी पत्रक टाचलेलं होतं.

मी ऑफिसात गेलो. पत्रक चुकीचं आहे म्हणालो, लिहून देतो म्हणालो. तिथल्या साहेबाने चष्म्यावरून बघितलं. "तुमचीच मागणी मान्य झाली. आता काय?" दुसऱ्या खुर्चीवरचा हसला. ते दोघं नालायक होते हे मी आजही लिहीन. पण कागद माझा होता.

ताईला गोळ्यांची पुडी देऊन घरी पाठवलं. मी सोबत गेलो. थोडं-थोडं द्या, भाकर द्या, मेथी मऊ करून द्या, असं सांगितलं. सासू म्हणाली, "दवाखान्यानंच काढून देल्लं तिले. आता आमचं आमी पाहू." पुन्हा ताकभात. मी तीनदा भाजी घेऊन गेलो, तीनदा ती गाईपुढे टाकलेली दिसली. पाच महिने. ताई गेली तेव्हा मी पोचलो नव्हतो. पोचलो तेव्हा लोक परतत होते. मला रडू आलं नाही. पाणी प्यायलो आणि सायकल काढली.

निमजेबाईंची बदली तोवर भांडारात झाली होती. रिकाम्या बाटल्या मोजायचं काम. मागच्या उन्हाळ्यात त्या वारल्या, म्हणून हे लिहितो आहे. त्यांना मी शेवटचं भेटलो ते त्या भांडारातच, ताई गेल्यावर आठ दिवसांनी.

मी सांगितलं. त्यांनी उठून कपाटातून भट्टीच्या कामाचं जुनं रजिस्टर काढलं आणि ताईचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. पहिल्या अकरा दिवसांचे 'सर्व खाल्लं' एका सरळ रेघेने खोडले होते. प्रत्येकापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'अर्धी भाकर, मेथी. भावाने खाल्ली.' अकरा वेळा तेच. खाली तीन ओळी, 'सर्व खाल्लं. समक्ष.' त्यानंतर पान कोरं.

"सर म्हने, रोगी सहकार्य करत नाई असं लिव. मी नाई लिवलं. ते तर सगळ्याइचं मन राखून राह्यली होती."

"माझं नाव नाही लिहिलं."

"काहून लिवू? मापात नाव नसते." मग त्यांनी त्या तीन ओळींवर बोट ठेवलं. "हे पाहा. हे तीन दिवस ते जेवली होती."

मी पान मागितलं. रजिस्टरातून पान काढत नसतात, म्हणाल्या. मग मी ते उतरवून घेतलं. पिशवीत दुसरा कागद नव्हता, उरलेल्या पत्रकाच्या पाठीवर लिहिलं. अकरा ओळी आणि तीन.

लिहून झाल्यावर त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, तळहातावर ठेवला, किंचित वर-खाली केला. वजन सांगितलं नाही. घडी घातली आणि परत दिला.