कॅमेऱ्याला दाखवून खाल्लेलं पुरण

"मावशी! तोंडात काय घातलंत?"

आवाज छतातून आला. ओट्याच्या वर नवा कॅमेरा बसवला होता, तो बोलायचाही. गौरी जेवायचा दिवस. बाई बाहेर हॉलमध्ये पाहुण्यांत, आवाज माझ्या डोक्यावर. मी पुरण घोटत होते.

"काही नाय बाई," म्हणत मी छताकडे बघून हात जोडले. हो, कॅमेऱ्याला! आज हसू येतं. मग ते हसू थांबतं.

तेव्हा मी चांगली आजी झालेली, अक्कल मात्र फ्रॉकातली. सिन्नरहून येऊन गंगापूर रोडच्या त्या घरी स्वयंपाक धरला होता. बाई कॉलेजात जंतूंचा विषय शिकवायच्या. माझा चहाचा कप त्यांच्याच सेटमधला, पण वेगळा, खिडकीत उपडा. "जंतू असतात मावशी. सायन्स आहे ते." मला पटायचं. पटायचं काय, मी मिरवायचे! शेजारणींना सांगायचे, त्या घरात मला माझा स्वतःचा कप हाय. बाईंच्या भावाचं नाक कायम गळायचं, त्याला कुठलाही कप चालायचा. माझ्या हातच्या पोळ्या सगळ्यांना चालायच्या. हे रोज बघूनही मी आपली कप मिरवतेय. कॅमेरा आला तेव्हा त्यात बरी दिसावी म्हणून नवी चमकी घातली. त्या दिवशी पुरण घोटताना तीच नाकात टोचत होती. मनगटानं सारली. तेवढंच.

बाई मोबाईल घेऊन आत आल्या. मागे पाहुण्या, साहेब.

"हात तोंडाकडे गेलाय, दिसतंय इथे. नैवेद्य उष्टा केलात. टाका सगळं. आणि ते पातेलंही बाहेर ठेवा, घरात नको."

"पातेलं घासून, उकळून घेते की."

उकळलं की जंतू मरतात, हे मला त्यांनीच सांगितलेलं.

"तसं नसतं मावशी. तुमच्याकडे चालत असेल."

तुमच्याकडे. पाहुण्यांनी माना खाली घातल्या. एकीनं पदर सावरून घेतला.

साहेब भले माणूस. म्हणाले, "चमकी सारत असतील गं. मावशी, चव घेतली नाही एवढं सांगून टाका. विषय संपला."

मी तोंड उघडलं. नातीची शपथच घेणार होते. आणि मनात आलं, नाही घेतली म्हणायचं, म्हणजे घेतली असती तर पातेलं बाटलं असतं, हे मीच कबूल करायचं? देवाआधी कुणी खात नाही, मलाही कळतं. पण पातेलं? आणि तो कप? तो कुठल्या देवासाठी वेगळा?

चमचाभर पुरण घेतलं. कॅमेऱ्याकडे तोंड वर केलं. सावकाश खाल्लं.

"आता घेतली बघा चव. वेलदोडा कमी हाय."

मग खिडकीतला कप उचलला, त्यांच्या कपांत ठेवला, सगळे कप इकडचे तिकडे केले आणि निघाले.

तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. त्या बिल्डिंगमधली सगळी कामं गेली. घरी चूल थंड, आणि मी रात्रंदिवस येरझारा घालतेय. वाईट वाटलं? वाटलं. पण परत गेले नाही.

आता नात कॉम्प्युटर शिकते. म्हणते, "आजी, हल्ली कोण कुठं चुकलं ते कॅमेरा आपोआप ओळखतो."

"चूक कशाला म्हणायचं, हे त्याला कोण शिकवतं गं?"

  विचार कर म्हटलं, तूच शिकवणार आहेस.

मी अजून पोळ्या लाटते. नव्या घरी आधी चहा मागते. कप कुठून काढतात ते बघते. वेगळा निघाला की चहा तसाच ठेवून उठते. पोळपाटाला हात लावत नाही. लावणार नाही.