हाडाचं कलम

लोहाऱ्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी जाईचा वेल बांधत होते. "आत्या, अण्णा गेले," तो म्हणाला. सुतळीचं टोक माझ्या दातात होतं, नुसतं "हं" म्हणता आलं. आज महिना झाला, पण ते "हं" मला टोचतंय.

अण्णा माझा थोरला भाऊ, पंधरा वर्षांनी मोठा. बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीच्या रोपवाटिकेत तो रानबोरीवर डोळे भरायचा, म्हणजे कलमं करायचा. रानबोरीची साल चिरायची, गोड बोरीचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, आत सरकवायचा, वरून पट्टी आवळायची. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पट्टीचं टोक दातात. त्याचे खालचे दात लवकर पडले आणि जबडा इतका झिजला की कवळी बसेना. पट्टी सुटायची, डोळा मातीत पडायचा. सोसायटीत त्याच्या जागी दुसऱ्या माणसाचं नाव निघू लागलं. कलमावाचून अण्णा जगेल कसा?

सोलापूरच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. कमरेच्या हाडाची पट्टी काढून खालच्या जबड्यावर तारेनं बांधायची. धरली, तर वर कवळी बसेल. स्क्रूचे दात तेव्हा आमच्याकडं कुठले!

"म्हंजी कलमच की!" अण्णा खूश.

"तसंच समजा. फक्त बोट लावायचं नाही."

वहिनीची लेकरं लहान, म्हणून दवाखान्यात मी राहिले. आता कलमवाल्यांची एक रीत असते. डोळ्याला पानाचा देठ ठेवतात आणि काही दिवसांनी त्याला अंगठा लावतात. देठ गळला तर डोळा धरला, सुकून चिकटला तर गेला. ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी बघते तर अण्णाचा अंगठा तोंडात!

"अण्णा, नको रे!"

"हळूच बघतो गं. कलम हाय, बघाय नको व्हय?"

मग रोजच. डॉक्टर आले की मनात यायचं, सांगावं का? थोरल्या भावाची चहाडी कशी करू?... नाहीच सांगितलं.

जबडा सुजला, पू झाला, हाड काढावं लागलं. "कुणी बोट लावलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. अण्णानं माझ्याकडं पाहिलं.

"न्हाय," मी म्हणाले.

एस्टीत तो कमर धरून बसला होता. म्हणाला, "सुमे, खोटं बोललीस माझ्यापायी. आधी खरं बोलली असतीस, तर लई बरं झालं असतं." रागानं नाही म्हणाला. त्यानंच जास्त लागलं.

पुढं तो कामावर गेला, तेव्हा पट्टीचं टोक त्यानं माझ्यापुढं केलं. "धर दातात." मी धरायची, तो आवळायचा आणि गाठ बसली की म्हणायचा, "सोड गं." माझं लग्न होईस्तोवर त्याच्या कलमांना माझे दात होते. त्यानं मला माफ केलं की शिक्षा दिली, हे विचारायचं राहून गेलं.

परवा तोच वेल पुन्हा बांधायला घेतला. गाठ केव्हाच बसली होती... पण "सोड गं" ऐकू येईना, म्हणून सुतळी दातात धरून मी तशीच उभी.