साडेतीन फुटांची भिंत

नाना गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "खालच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे?" पलीकडून वहिनी म्हणाल्या, "दार उघडंच शे, भाऊ." सख्खा थोरला भाऊ दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही, आणि मी किल्लीची चौकशी करतोय. दीड महिना झाला या गोष्टीला. सांगायला लाज वाटते, पण लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो.

मी जळगावात शाळामास्तर होतो. मान खाली घालून बसलेला मुलगा पेपर लिहितोय की चिठ्ठी वाचतोय, हे मला वर्गाच्या दारातून कळायचं. त्याचं शाळेत फार कौतुक झालं आणि मी ती नजर घरीदारी वापरत सुटलो. नाना एरंडोलजवळ आमच्या गावातच राहिले. त्यांचा धंदा विहिरी खोदण्याचा आणि बांधण्याचा. पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरींना त्यांचा हात लागलेला. पुढे जिकडेतिकडे बोअरवेल झाल्या आणि नाना रिकामे झाले. एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, की आता मळ्यातल्या टेकाडात जमिनीखाली घर बांधणार. आयुष्यभर उन्हाळ्याच्या दुपारी विहिरीच्या तळाशी काढल्या, वर पत्र्याखाली जीव भाजून निघतो, असं त्यांचं म्हणणं. मळा आम्हा दोघांच्या नावावर. मी हो म्हणालो, पण मनात पाल चुकचुकलीच. धडधाकट माणूस घर सोडून जमिनीत कशाला जाईल?

महिनाभरात गावातल्या एका हितचिंतकाचा फोन आला. नानांच्या खड्ड्यात लिंबू, नारळ आणि गुलाल सापडला होता. "मास्तर, तुमना भाऊले धन लागनं वाटस," तो म्हणाला. मी पहिली गाडी पकडली. नानांनी खड्ड्याभोवती जुन्या साड्या बांधून आडोसा केला होता, त्यामुळे तर गुप्तधन सापडल्याची माझी खात्रीच पटली. त्यांनी शांतपणे सांगितलं, की विहीर खोदताना थर बदलला की त्यांची टोळी नव्या थराची पूजा करते. माती संपून मुरूम लागला, हात सवयीने लिंबाकडे गेला. साड्या वाऱ्याने येणारी धूळ अडवायला. घराची पूजा विहिरीसारखी झाली, एवढंच काय ते चुकलं, म्हणाले. मी मान डोलावली. विश्वास मात्र ठेवला नाही. एवढं सरळ उत्तर तयार असतं, तेव्हा ते पाठ केलेलं असतं, असा माझा अनुभव.

घर झालं. उतरायला बारा पायऱ्या, मग दगडी कमान, आत एक ऐसपैस खोली आणि एक स्वयंपाकाची. छतावर माती, तिच्यावर गवत आणि हवेसाठी वर काढलेले दोन पाइप. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असताना आत चादर घ्यावीशी वाटायची. लोक बघायला यायचे, नाना पाणी द्यायचे. मी गेलो तो टेप घेऊन. भावाच्या घरी मोजायची टेप घेऊन जाणारा मी एकटाच असेन. नानांनी काही विचारलं नाही. "बठ्ठं मोजी ले बापू, मी टेप धरस," म्हणाले आणि दुसरं टोक धरून भिंतीपाशी उभे राहिले. मी बोटांनी भिंती ठोकत होतो आणि ते टेप धरून माझ्यामागे फिरत होते. खड्डा उघडा होता तेव्हा मी तो काठावरून पावलांनी मोजून ठेवला होता. हिशेब जुळेना. बाकी भिंती दीड फुटाच्या, पश्चिमेची साडेतीन भरत होती.

दोन फूट गेले कुठे? हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं आणि ते खोटंच असणार असं मी धरून चाललो असतो. त्यानंतर सहा उन्हाळे गेले. नाना दर वर्षी फोन करायचे, "ये ना, दोन दिस खाले झोप, बरं वाटी तुले." मी कधी गुडघ्याचं कारण दिलं, कधी कामाचं. एकदाही तिथे ताटावर बसलो नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दुपारी मी खाली गेलो आणि त्या भिंतीसमोर उभा राहिलो. वहिनी मागून आल्या. त्यांच्या हातात पहार होती. "फोडी टाका भाऊ. तुमना मननं समाधान व्हई जाई." मला तिथे नको म्हणता आलं असतं... मी पहार घेतली. दगड निघाला, आत चुना आणि खडी ठासून भरलेली, तिच्यामागे दुसरी दगडी भिंत. तिचाही एक दगड काढला. मागून मुरूम भुरुभुरु पायावर सांडायला लागला. दुसरं काही नव्हतं.

वहिनी पायरीवर बसल्या आणि सांगायला लागल्या. खोदताना ती बाजू दोनदा ढासळली होती. दुसऱ्यांदा नाना कमरेपर्यंत गाडले गेले. टोळीने ओढून काढलं. म्हणून तिथे दुहेरी भिंत. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? "तुमना भाऊच नको म्हणेत," वहिनी म्हणाल्या. "म्हणेत, बापू भित्रा शे. त्याले कळनं तर तो आठे कधीच झोपाले येणार नही."

भिंत मी स्वतःच्या हाताने बुजवली. गवंडीकाम मला येत नाही, त्यामुळे ठिगळ ओबडधोबड झालंय आणि दारातूनच डोळ्यांत भरतं. आता मी दर आठवड्याला जातो, दुपारी तिथेच पडतो. भेटायला कुणी आलं, की त्याची नजर भिंतीकडे जाते आणि तो विचारतो, हे काय झालं? मी काही बोलायच्या आत वहिनी सांगतात, "ओल लागनी व्हती." मी खाली मान घालून चहा पितो.